विवाह की सिव्हिल पार्टनरशिप: इंग्लंड आणि वेल्समधील समलिंगी जोडप्यांनी निवड व नोंदणी कशी करावी

इंग्लंड आणि वेल्समध्ये राहणाऱ्या दोन स्त्रियांना किंवा दोन पुरुषांना आपल्या नात्यासाठी कायद्याची मान्यता हवी असेल, तर आज त्यांच्यापुढे दोन मार्ग आहेत: विवाह आणि सिव्हिल पार्टनरशिप, म्हणजे विवाह न म्हणता केलेली नात्याची कायदेशीर नोंदणी. दोन्हींची नोंदणी बहुतेक वेळा एकाच रजिस्टर ऑफिसात होते, नोटीस, म्हणजे नोंदणी करण्याचा इरादा आगाऊ कळवणारी सूचना, एकाच पद्धतीने द्यावी लागते आणि घर, कर, पेन्शन, वारसा, मुले या बाबतींतले हक्क जवळजवळ सारखेच असतात. त्यामुळे हक्कांची यादी समोर ठेवून दोन रकाने भरायला बसलेल्या जोडप्याच्या पदरात फारसे काही पडत नाही, कारण दोन्ही रकाने सारखेच भरतात. फरक पडतो तो तीन ठिकाणी: देशाबाहेर त्या कागदाला काय किंमत आहे, विधीत धर्माला जागा हवी आहे का, आणि विवाह हा शब्द आणि त्यामागची परंपरा आपल्याला हवी आहे की नको. यांतील पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असूनही तो बहुधा सर्वांत शेवटी विचारला जातो, म्हणून येथे त्यापासूनच सुरुवात केली आहे. नियम इंग्लंड आणि वेल्सचे आहेत. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड यांचे कायदे वेगळे असून त्यांचा उल्लेख गरजेपुरताच येईल.

दोन मार्ग का आहेत

ही पार्श्वभूमी थोडक्यात माहीत असलेली बरी, कारण आजच्या अनेक चमत्कारिक नियमांची मुळे तिच्यात आहेत. ब्रिटिश संसदेने २००४ साली सिव्हिल पार्टनरशिपचा कायदा केला आणि तो ५ डिसेंबर २००५ रोजी लागू झाला. विवाहित जोडप्यांना मिळणारे जवळजवळ सर्व हक्क समलिंगी जोडप्यांना द्यायचे, मात्र त्या नात्याला विवाह म्हणायचे नाही, अशी ती तडजोड होती. ही तडजोड किती काटेकोर होती हे स्यू विल्किन्सन आणि सीलिया किट्झिंगर यांच्या खटल्यात दिसले. या दोघींचा विवाह २००३ मध्ये कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात तेथील कायद्यानुसार रीतसर झाला होता, परंतु २००६ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने तो इंग्लंडमध्ये विवाह म्हणून मान्य करण्यास नकार दिला आणि त्यांचे नाते सिव्हिल पार्टनरशिप ठरवले. पुढे २०१३ चा समलिंगी विवाह कायदा आला आणि इंग्लंड-वेल्समधील पहिले समलिंगी विवाह २९ मार्च २०१४ रोजी लागले.

विवाहाची वाट मोकळी झाल्यावर सिव्हिल पार्टनरशिप बंद होईल असे अनेकांना वाटले होते. डेन्मार्क, स्वीडन, जर्मनी या देशांनी तसेच केले. ब्रिटनमध्ये मात्र उलटे घडले. रिबेका स्टाइनफेल्ड आणि चार्ल्स कीडन या स्त्री-पुरुष जोडप्याला विवाहसंस्थेची जुनी परंपरा नको होती आणि सिव्हिल पार्टनरशिप हवी होती; ती फक्त समलिंगी जोडप्यांपुरती ठेवणे हा भेदभाव आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जून २०१८ मध्ये दिला. त्यानंतर ३१ डिसेंबर २०१९ पासून इंग्लंड-वेल्समध्ये दोन्ही मार्ग सर्वांना खुले झाले. त्यामुळे सिव्हिल पार्टनरशिपकडे आज दुय्यम दर्जाची सोय म्हणून पाहण्याचे कारण उरलेले नाही.

पहिली पायरी: पुढे कोठे राहणार याचा विचार

दोघांपैकी कोणाचीही नोकरी, नातेवाईक किंवा नागरिकत्व ब्रिटनबाहेरचे असेल, तर निर्णयाचा मोठा भाग येथेच होतो. विवाह ही संकल्पना जगभर ओळखीची आहे, आणि समलिंगी विवाह मान्य करणारे देश परक्या देशातला समलिंगी विवाहही सहसा मान्य करतात. सिव्हिल पार्टनरशिपचे तसे नाही. प्रत्येक देशाने आपापल्या सोयीने अशा नात्याचा साचा बनवला, कोठे तो विवाहाच्या तोडीचा आहे तर कोठे फक्त एकत्र राहण्याचा करार, आणि काही देशांत असा साचाच नाही.

काही उदाहरणे पाहिली म्हणजे मुद्दा स्पष्ट होतो. अमेरिकेत २०१५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर समलिंगी विवाह सर्व राज्यांत मान्य आहे आणि ब्रिटनमध्ये झालेल्या विवाहावर जोडीदाराचा व्हिसा मिळतो. सिव्हिल पार्टनरशिपच्या प्रमाणपत्रावर मात्र तेथील इमिग्रेशन कायदा पती किंवा पत्नी मानत नाही. शेजारच्या आयर्लंडने २०१५ च्या सार्वमतानंतर विवाह खुला केला आणि नव्या सिव्हिल पार्टनरशिप थांबवल्या. मे २०१६ नंतर परदेशात नोंदलेल्या पार्टनरशिपला तेथे मान्यता नाही, म्हणजे लंडनहून डब्लिनला राहायला गेलेले जोडपे कायद्याच्या दृष्टीने एकमेकांचे कोणीच नसू शकते. युरोपीय संघाच्या मुक्त संचाराच्या नियमांत हा फरक शब्दांतच लिहिलेला आहे: संघाच्या नागरिकाचा विवाहित जोडीदार हा कुटुंबीय धरला जातो आणि २०१८ च्या कोमन खटल्यातील निकालानुसार त्यात समलिंगी जोडीदारही येतो, परंतु नोंदणीकृत पार्टनर कुटुंबीय ठरण्यासाठी यजमान देशाने अशी पार्टनरशिप विवाहासमान मानलेली असावी लागते. याउलट इटलीसारख्या देशात दोन्ही कागद एकाच जागी येऊन पोहोचतात, कारण तेथे २०१६ पासून समलिंगी जोडप्यांसाठी नागरी संयोग आहे आणि इटालियन नागरिकाचा परदेशातील समलिंगी विवाहही तेथे नागरी संयोग म्हणूनच नोंदला जातो.

भारताशी संबंध असलेल्या जोडप्यांनी एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले, परंतु १७ ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रियो खटल्यातील निकालात विवाहाचा हक्क देण्यास नकार दिला आणि तो विषय कायदेमंडळावर सोपवला. त्यामुळे भारतीय कायद्यापुढे ब्रिटनमधला विवाह आणि ब्रिटनमधली सिव्हिल पार्टनरशिप या दोहोंपैकी कशानेही जोडीदाराला पती-पत्नीचा दर्जा मिळत नाही. भारतातील घर, ठेवी किंवा जमीन यांची व्यवस्था मृत्युपत्र आणि नामनिर्देशन यांनीच करावी लागते. त्याविषयी पुढे येईलच.

दोघेही ब्रिटनमध्येच राहणार असे पक्के असेल, तर हा मुद्दा गौण ठरतो. तसे पक्के सांगता येत नसेल, तर विवाह हा अधिक सुरक्षित मार्ग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढे बदल करता येतो हे खरे, पण ज्या वेळी परदेशी व्हिसाचा अर्ज भरायचा असतो नेमक्या त्याच वेळी कागद बदलत बसणे कोणालाही परवडत नाही.

दुसरी पायरी: विधी कसा हवा ते ठरवणे

दोन्ही मार्गांतला प्रत्यक्ष डोळ्यांना दिसणारा फरक विधीत आहे. विवाह शब्दांनी होतो. रजिस्ट्रार आणि दोन साक्षीदार यांच्यासमोर प्रत्येकाला दोन विधाने मोठ्याने उच्चारावी लागतात: या विवाहास माझ्या माहितीत कोणताही कायदेशीर अडथळा नाही, आणि येथे उपस्थित असलेल्यांच्या साक्षीने मी या व्यक्तीचा पती किंवा पत्नी म्हणून स्वीकार करतो किंवा करते. ही विधाने कायद्याने ठरलेली आहेत, ती इंग्रजीत किंवा वेल्समध्ये वेल्श भाषेत म्हणावी लागतात, आणि ज्यांना ती भाषा समजत नाही त्यांच्यासाठी दुभाषा लागतो. त्यानंतरची सही ही झालेल्या गोष्टीची नोंद असते.

सिव्हिल पार्टनरशिप सहीने होते. दोघांनी एकमेकांसमोर, रजिस्ट्रार आणि दोन साक्षीदार यांच्या उपस्थितीत दस्तऐवजावर सही केली आणि दुसऱ्याची लेखणी कागदावरून उचलली गेली की नाते अस्तित्वात येते. एक शब्दही उच्चारण्याची सक्ती नाही. हवे असल्यास शपथ, कविता, संगीत सारे ठेवता येते, पण ते सजावटीपुरते. चारचौघांसमोर बोलताना ज्यांचा जीव घाबरा होतो, किंवा समारंभाविना मंगळवारी दुपारी दोन मित्रांना सोबत नेऊन काम उरकायचे असते, त्यांना ही पद्धत सोयीची वाटते.

धर्माचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. रजिस्ट्रारने लावलेल्या विवाहात धार्मिक विधी चालत नाही, आणि सिव्हिल पार्टनरशिपच्या नोंदणीच्या वेळीही रजिस्ट्रार काम करत असताना धार्मिक उपासना करता येत नाही. समलिंगी जोडप्याला प्रार्थनास्थळात धार्मिक पद्धतीने विवाह करायचा असेल, तर त्या धर्मसंस्थेने तशी संमती दिलेली असावी लागते आणि ती वास्तू समलिंगी विवाहांसाठी वेगळी नोंदवलेली असावी लागते. स्त्री-पुरुष विवाहांसाठी असलेली जुनी नोंदणी पुरत नाही. क्वेकर, युनिटेरियन आणि लिबरल ज्यू या पंथांनी सुरुवातीपासून संमती दिली, मेथडिस्ट चर्चने २०२१ मध्ये दिली. चर्च ऑफ इंग्लंड आणि चर्च इन वेल्स यांना तर २०१३ च्या कायद्यानेच समलिंगी विवाह लावण्यापासून दूर ठेवले आहे. डिसेंबर २०२३ पासून चर्च ऑफ इंग्लंडमध्ये अशा जोडप्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थना म्हणण्यास मुभा मिळाली, पण त्या प्रार्थना म्हणजे विवाह नव्हे. सिव्हिल पार्टनरशिपची नोंदणी २०११ च्या अखेरीपासून संमती दिलेल्या प्रार्थनास्थळात होऊ शकते, मात्र तेथेही सहीची वेळ निधर्मीच राहते.

मंगलाष्टके, सप्तपदी, हार घालणे यांची इच्छा असलेल्या मराठी जोडप्यांसाठी व्यवहार्य तोडगा असा की कायदेशीर नोंदणी वेगळ्या दिवशी किंवा वेगळ्या वेळी रजिस्टर ऑफिसात करून घ्यावी आणि आपला सोहळा हव्या त्या सभागृहात, हव्या त्या पुरोहिताकडून करावा. केवळ सभागृहात झालेल्या धार्मिक विधीला इंग्लंडमध्ये विवाहाचे बळ नाही, मग तो कितीही शास्त्रोक्त असो. नोंदणी राहून गेली तर पुढे वारसा किंवा पोटगीच्या वेळी काहीच हाती लागत नाही, आणि ही अडचण समलिंगी जोडप्यांपुरती मर्यादित नाही. मानवतावादी, म्हणजे ह्युमनिस्ट पद्धतीच्या सोहळ्याचेही तेच: स्कॉटलंडमध्ये तो कायदेशीर विवाह ठरतो, इंग्लंड-वेल्समध्ये ठरत नाही.

तिसरी पायरी: हक्क तपासून पाहणे

करांच्या बाबतीत दोन्ही मार्ग पूर्ण समान आहेत. जोडीदाराच्या नावे ठेवलेल्या मालमत्तेवर वारसा कर लागत नाही, न वापरलेली ३,२५,००० पौंडांची करमुक्त मर्यादा मागे राहिलेल्या जोडीदाराकडे जाते, आणि एकमेकांना दिलेल्या शेअर किंवा घरावर त्या वेळी भांडवली नफ्याचा कर लागत नाही. येथे एक खाच आहे: देणारा ब्रिटनचा दीर्घकालीन रहिवासी असून घेणारा जोडीदार तसा नसेल, तर वारसा करातील ही अमर्याद सूट ३,२५,००० पौंडांवर येऊन थांबते. नुकत्याच ब्रिटनमध्ये आलेल्या जोडीदारांनी याबाबत सल्लागाराशी बोलावे.

मृत्युपत्र नसताना मृत्यू झाला, तर मुले असल्यास मागे राहिलेल्या जोडीदाराला वैयक्तिक वस्तू, पहिले ३,२२,००० पौंड आणि उरलेल्याचा अर्धा भाग मिळतो; मुले नसल्यास सर्वच. विवाह किंवा पार्टनरशिप यांपैकी काहीच नसलेल्या जोडीदाराला आपोआप काहीही मिळत नाही, मग दोघे तीस वर्षे एका छताखाली राहिलेले असोत. कोणता मार्ग घ्यावा यावर महिनोन्महिने खल करत बसणाऱ्या जोडप्यांनी हे ध्यानात घ्यावे: दोहोंतला फरक लहान आहे, दोहोंपैकी एक असणे आणि काहीच नसणे यांतला फरक प्रचंड आहे.

पेन्शनच्या बाबतीत पूर्वी मोठी तफावत होती. जॉन वॉकर यांनी २००३ पर्यंत एका कंपनीत वीसहून अधिक वर्षे नोकरी केली होती, आणि त्यांच्या पश्चात पत्नीला मिळाले असते त्या मानाने, म्हणजे वर्षाला सुमारे ४५,००० पौंडांऐवजी, त्यांच्या पतीला सुमारे १,००० पौंड मिळणार होते, कारण डिसेंबर २००५ पूर्वीची सेवा समलिंगी जोडीदारांसाठी धरली जात नव्हती. जुलै २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पेन्शन योजनांना मिळालेली ही सवलत युरोपीय कायद्याशी विसंगत ठरवली. हा निकाल विवाह आणि सिव्हिल पार्टनरशिप दोहोंना लागू पडतो. तरीही जुन्या खासगी योजनांत नाव नोंदवताना योजनेच्या व्यवस्थापकांकडून, पूर्ण सेवाकाळ धरला जाईल, असे लेखी घ्यावे.

मुलांच्या बाबतीत दोन स्त्रियांना कायद्याने चांगले संरक्षण दिले आहे. दात्याच्या शुक्राणूंनी गर्भधारणा होताना जन्मदात्री विवाहात किंवा सिव्हिल पार्टनरशिपमध्ये असेल आणि तिच्या जोडीदारीणीची संमती असेल, तर बाळाच्या जन्मनोंदणीत ती दुसरी पालक म्हणून लागते. वेगळी दत्तकप्रक्रिया करावी लागत नाही. म्हणून मूल होऊ द्यायचे असेल तर नोंदणी गर्भधारणेपूर्वी करावी, नंतर नव्हे. दोन पुरुषांनी सरोगसीचा मार्ग घेतल्यास जन्माच्या वेळी सरोगेट हीच कायदेशीर माता असते आणि तिचा पती असल्यास बहुतेक वेळा तो दुसरा पालक ठरतो. मूल जन्मल्यापासून सहा महिन्यांच्या आत न्यायालयाकडे पालकत्वाच्या आदेशासाठी अर्ज करावा लागतो. यात विवाहित आणि पार्टनर असा भेद नाही.

नाते संपवण्याच्या तरतुदीही आता जुळल्या आहेत. एप्रिल २०२२ पासून विवाहाचा घटस्फोट आणि सिव्हिल पार्टनरशिपचे विसर्जन या दोन्हींत दोष सिद्ध करावा लागत नाही. नोंदणीला एक वर्ष पूर्ण झाल्यावर अर्ज करता येतो, अर्जानंतर किमान २० आठवडे, आणि सशर्त आदेशानंतर अंतिम आदेशासाठी आणखी सहा आठवडे जातात. जुन्या कायद्याचा एक अवशेष मात्र उरला आहे. जोडीदाराला विवाहाच्या वेळी संसर्गजन्य गुप्तरोग होता या कारणाने विवाह रद्दबातल ठरवून मागता येतो, सिव्हिल पार्टनरशिप मागता येत नाही. आणि शरीरसंबंध न होणे हे कारण फक्त स्त्री-पुरुष विवाहाला लागू आहे, समलिंगी विवाहालाही नाही. संसदेला या कलमांची साफसफाई करायला वेळ मिळालेला नाही इतकाच त्याचा अर्थ. निवड करताना ते विचारात घेण्याजोगे नाही.

याउलट एक तरतूद खरोखर उपयोगाची आहे. समलिंगी जोडपे पुढे अशा देशात राहायला गेले की जेथे त्यांचे नातेच मान्य नाही, तर तेथील न्यायालय ते नाते संपवूही शकत नाही आणि दोघेही अधांतरी राहतात. विवाह किंवा सिव्हिल पार्टनरशिप इंग्लंड-वेल्समध्ये झाली असेल आणि न्यायाच्या दृष्टीने ते योग्य असेल, तर येथील न्यायालय दोघेही येथे राहत नसताना अर्ज ऐकू शकते. भारतात परतण्याची शक्यता असलेल्यांनी ही गोष्ट टिपून ठेवावी.

चौथी पायरी: नोटीस

दोन्ही मार्गांसाठी दोघांनाही जातीने जाऊन नोटीस द्यावी लागते. त्याआधी दोघांनी इंग्लंड किंवा वेल्समधील आपापल्या नोंदणी जिल्ह्यात किमान सात दिवस वास्तव्य केलेले असावे. वय १८ पूर्ण हवे. पालकांच्या संमतीने सोळाव्या वर्षी विवाह करण्याची जुनी सोय फेब्रुवारी २०२३ मध्ये बंद झाली. नोटिशीत समारंभाचे ठिकाण लिहावे लागते, आणि ते बदलले तर नव्याने नोटीस व नवे शुल्क, म्हणून ठिकाण पक्के झाल्याशिवाय वेळ घेऊ नये.

सोबत पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा, नाव बदलले असल्यास त्याचा दस्तऐवज, आणि पूर्वी विवाह किंवा पार्टनरशिप झाली असल्यास घटस्फोटाचा अंतिम आदेश किंवा पूर्वीच्या जोडीदाराचा मृत्यूदाखला लागतो. परदेशी भाषेतील कागदांचे प्रमाणित भाषांतर न्यावे. घोडे अडते ते बहुतेक वेळा येथेच: परदेशात झालेल्या घटस्फोटाची कागदपत्रे वरिष्ठ कार्यालयाकडे तपासणीसाठी जाऊ शकतात, आणि त्यात काही आठवडे जातात.

शुल्क सध्या प्रत्येकी ४२ पौंड आहे. दोघांपैकी एक जरी ब्रिटिश किंवा आयरिश नागरिक नसेल आणि त्या व्यक्तीला युरोपीय नागरिकांसाठीचा ब्रेक्झिटनंतरचा सेटल्ड दर्जाही नसेल, तर ते सहसा प्रत्येकी ५७ पौंड होते, आणि दोघांना एकत्र, ठरावीक नियुक्त रजिस्टर ऑफिसातच जावे लागते. शुल्क अधूनमधून वाढते, म्हणून वेळ घेताना आपल्या कौन्सिलच्या संकेतस्थळावरचा आकडा पाहावा.

नोटिशीनंतर पूर्ण २८ दिवस थांबावे लागते. प्रकरण होम ऑफिसकडे, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याकडे गेले आणि नाते खरे आहे का याची चौकशी करायचे त्यांनी ठरवले, तर ही मुदत ७० दिवसांपर्यंत वाढते. त्यामुळे जोडीदार व्हिसावर असेल तर सभागृह, केटरर आणि भारतातून येणाऱ्या नातेवाइकांची तिकिटे यांचे पैसे भरताना किमान तीन महिन्यांचे अंतर धरावे. नोटीस एक वर्ष चालते, म्हणून ती लवकर देण्यात तोटा काही नाही. एक नाजूक बाब: नोटीस सार्वजनिक असते आणि रजिस्टर ऑफिसात लोकांना पाहता येईल अशी लावली जाते. ज्यांनी घरी अजून सांगितलेले नाही, त्यांनी हे गृहीत धरूनच तारीख ठरवावी.

व्हिसाविषयी दोन गोष्टी. साध्या पर्यटक व्हिसावर येऊन येथे विवाह किंवा पार्टनरशिप करता येत नाही, नोटीससुद्धा देता येत नाही. त्यासाठी मॅरेज व्हिजिटर व्हिसा लागतो आणि तो सिव्हिल पार्टनरशिपलाही चालतो, मात्र सहा महिन्यांच्या आत परत जावे लागते. येथेच स्थायिक व्हायचे असेल, तर वाग्दत्त किंवा नियोजित पार्टनर म्हणून सहा महिन्यांचा व्हिसा घेऊन नंतर अर्ज करावा, किंवा नोंदणी दुसऱ्या देशात करून जोडीदाराच्या व्हिसावर यावे. एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जांसाठी वर्षाला २९,००० पौंड उत्पन्नाची अट आहे, आणि ती पती, पत्नी, पार्टनर सर्वांना सारखीच लागू होते.

पाचवी पायरी: नोंदणीचा दिवस आणि त्यानंतरचा आठवडा

दोन साक्षीदार आणा, ओळखपत्रे आणा, आणि दस्तऐवजावरची नावे व आईवडिलांची माहिती सही करण्यापूर्वी अक्षर न अक्षर वाचा. मराठी नावांच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये, विशेषतः वडिलांचे नाव मधल्या जागी लिहिण्याच्या आपल्या पद्धतीमुळे, पासपोर्टशी न जुळणारी नोंद होण्याची शक्यता असते आणि नंतरची दुरुस्ती कटकटीची ठरते. प्रमाणपत्राच्या प्रती सध्या प्रत्येकी १२.५० पौंडांना मिळतात. बँक, पासपोर्ट, व्हिसा आणि पेन्शन अशी कामे एकाच वेळी निघतात, त्यामुळे तीन-चार प्रती घेणे शहाणपणाचे आहे.

त्याच आठवड्यात मृत्युपत्राकडे वळावे. विवाह झाला किंवा पार्टनरशिप नोंदली गेली की दोघांचीही आधीची मृत्युपत्रे रद्द होतात. याच नोंदणीचा विचार करून ते केले आहे असे त्यात स्पष्ट लिहिले असेल तरच ते टिकते. घर किंवा बचत बहिणीच्या, भाच्याच्या नावे काही अंशी ठेवली असेल, तर ती इच्छा या एका दिवसात कायद्याने पुसली जाते, आणि याची कल्पना फार थोड्यांना असते. भारतातील मालमत्तेसाठी भारतीय वकिलाकडून स्वतंत्र मृत्युपत्र करावे. स्वकष्टार्जित मालमत्ता कोणालाही देता येते, तेथे नात्याच्या मान्यतेचा प्रश्न येत नाही. बँक खात्यांवर जोडीदाराचे नामनिर्देशन करावे. समलिंगी व्यक्तींना संयुक्त खाते उघडण्यास किंवा जोडीदाराला नॉमिनी करण्यास कोणतीही मनाई नाही, असे भारताच्या अर्थ मंत्रालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. दोन देशांत दोन मृत्युपत्रे करताना एकाने दुसरे रद्द होणार नाही असे वाक्य दोन्हींत घालून घ्यावे.

आधीच सिव्हिल पार्टनरशिप झाली असेल तर

डिसेंबर २०१४ पासून समलिंगी जोडप्यांना इंग्लंड-वेल्समध्ये नोंदलेली सिव्हिल पार्टनरशिप विवाहात रूपांतरित करता येते. नोटीस लागत नाही, २८ दिवसांचे थांबणे नाही, शब्द उच्चारावे लागत नाहीत. दोघांनी ओळखपत्रे आणि मूळ प्रमाणपत्र घेऊन रजिस्टर ऑफिसात घोषणापत्रावर सही करायची. रूपांतरानंतर विवाह मूळ पार्टनरशिपच्या तारखेपासूनच अस्तित्वात होता असे कायदा मानतो, म्हणून २००६ मध्ये नोंदणी केलेल्या जोडप्याचा विवाह कागदोपत्री २०१३ च्या कायद्याहूनही जुना ठरतो. पेन्शनच्या वर्षांसाठी ही गोष्ट फायद्याची आहे. आधीची मृत्युपत्रेही या वेळी रद्द होत नाहीत. ही सोय एकाच दिशेने आहे: विवाहातून सिव्हिल पार्टनरशिपकडे जाता येत नाही, आणि स्त्री-पुरुष पार्टनरांना इंग्लंड-वेल्समध्ये ती उपलब्धच नाही. परदेशात स्थलांतर ठरले असेल तर व्हिसाच्या अर्जाआधी पुरेसा अवधी ठेवून रूपांतर करावे, नव्या प्रमाणपत्राच्या प्रती घ्याव्यात, आणि पेन्शन योजना, बँक व होम ऑफिस यांना बदल लेखी कळवावा.